आधी विचारील तो हरला

कट् असा आवाज झाला तेव्हा मला वाटलं, वडी फुटली. यंदा माझ्या बायकोनं, माधवीनं, चिक्कीचा गूळ आणला होता आणि तिळाच्या वड्या अशा कडक झाल्या होत्या की सकाळी मीच तिची थट्टा केली होती, या वाटू नकोस बाई, दाराला लावायच्या खिट्ट्या म्हणून वापरू. मग दादांनी उजवा हात कानाच्या पुढं दाबून धरला आणि ते ओरडले. ओरडले म्हणजे काय, तोंड धड उघडेना, धड मिटेना, त्या अर्ध्या फटीतून एक लांब चिरका सूर निघाला, आणि त्यामागून गुळाची लाळ हनुवटीवरून नव्या सदऱ्यावर ओघळली. मी समोर उभा, हातात वाटी. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे मी नुकतंच म्हटलं होतं. म्हटलं कसलं, मारलं होतं. दसऱ्यापासून दादा, माझे वडील, माझ्याशी बोलत नव्हते, आणि संक्रांतीचं निमित्त साधून त्यातल्या ‘बोला’वर मी चांगला जोर दिला होता. दादांनी क्षणभर वाटीकडे बघितलं होतं, मग माझ्याकडे. नको म्हणायला मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांनी वडी घेतली, दाढेखाली धरली आणि डोळे मिटून चावली. डोळे मिटून. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण तेव्हा मी मनातल्या मनात जिंकत होतो.

दसऱ्याला झालं होतं ते इतकंच, की जेवताना मी सांगितलं, सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पेजर विकणारी एक कंपनी हैदराबादेत नव्यानं आली होती, तिनं मला बोलावलं होतं. सगळा देशच तेव्हा कुठूनतरी उठून कुठंतरी निघाला होता, मग मी चाळिशीत खुर्चीला चिकटून काय करणार होतो? दादा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. परभणीकडची कोरडवाहू जमीन भावावर सोपवून ते इथं महसूल खात्यात चिकटले आणि पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारा कारकून, होऊन निवृत्त झाले. सरकारी नोकरी म्हणजे त्यांच्या लेखी पावसाची वाट न बघता पिकणारं शेत. माझी नोकरीही त्यांनीच लावून दिलेली, प्रतापराव नावाच्या त्यांच्या जुन्या साहेबाच्या उंबऱ्यावर चपला झिजवून. त्या दिवशी त्यांनी अर्धी पुरणपोळी ताटात तशीच ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘बरं. तुझं तू बघ.’ ते शेवटचं. मी म्हणालो, ‘बघतोच.’ माझं तेही शेवटचंच.

आता आमच्या घराण्यात अबोला म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. आमच्याकडे भांडत नाहीत. भांडणं ही उठवळ लोकांची रीत, असं आजोबांपासून चालत आलंय. आमच्याकडे गप्प होतात. दादा आणि त्यांचे थोरले भाऊ लक्ष्मणराव, एका लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून जे गप्प झाले, ते लक्ष्मणकाका सरणावर जाईपर्यंत. दादांनी त्यांना खांदा दिला, तिरडीची गाठ स्वतः आवळली, अस्थी गोदावरीत सोडल्या, पण प्रेतापुढं उभं राहून सगळे ‘भाऊ, भाऊ’ करत असताना ते ओठ आवळून उभे होते. लहानपणी मला या गोष्टीचा केवढा अभिमान! शाळेत मित्रांना सांगायचो. या खेळाचा नियम एकच, आधी विचारील तो हरला. काय झालं, का रुसलात, जेवत का नाही, यातलं काहीही ज्याच्या तोंडून आधी गेलं त्याची मान खाली. मी तो नियम आईच्या दुधासोबत प्यालो होतो. आई, त्रिवेणी तिचं नाव, ती गेली तेव्हा दादांना ‘रडा’ म्हणणारंसुद्धा घरात कुणी उरलं नाही.

विद्यानगरहून कोठीला डॉक्टरकडे रिक्षात जाताना दादा माझ्या आणि माधवीच्या मधे होते. सणामुळं रस्ता मोकळा होता, पण मोकळा रस्ता म्हणजे रिक्षावाल्याला चेवच. प्रत्येक खड्ड्याला दादांच्या नाकातून ‘हं’ असा बारीक आवाज यायचा आणि माझा हात त्यांच्या पाठीमागं सीटवर पडलेला असायचा, पाठीवर नाही. पाठीवर ठेवावा असं मला नल्लाकुंट्यापासून काचीगुड्यापर्यंत वाटत होतं. वर सगळीकडे पतंग, तारांत अडकलेले, गच्च्यांवर पोरांचा आरडाओरडा, आणि माझ्या डोक्यात मात्र गेले तीन महिने एकेक करून ताटावर येऊन बसत होते. हो, ताटावरच. दादांचं ताट. दिवाळीच्या आधीच त्यांनी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करायला सुरुवात केली होती. मग भात आणि वर आमटीचं नुसतं पाणी. मग पान सोडलं. जेवणानंतर कात-चुना-सुपारी हा त्यांचा पाऊण तासाचा सोहळा असायचा, तो डबा त्यांनी कपाटात ठेवून दिला. मी काय समजलो? वैराग्य! मुलानं सरकारची भाकरी सोडली म्हणून बापानं पान सोडलं. मला उलट रागच आला, म्हणजे बघा कसा आपल्या जिभेवरही सूड उगवतोय म्हातारा. कानावरून मफलर आला, तर मी म्हणालो, नवीन सोंग. माधवी दादांना मामा म्हणते, ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली होती, ‘अहो, मामा चावत नाहीत, नुसते गिळायलेत. एका बाजूनं गाल सुजल्यासारखा दिसायलाय. विचारा ना एकदा.’ मी टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हा नवी केबल घेतली होती, आवाज वाढवायला भरपूर काही असायचं. ‘तू विचार,’ मी म्हणालो. ‘मी विचारलं,’ ती म्हणाली, ‘त्यांनी हात हलवला, काही नाही म्हणून.’ ‘मग झालं तर.’ झालं तर! आता ते दोन शब्द आठवले की माझ्याच कानाखाली आवाज काढावासा वाटतो.

पण खरी गोम त्याहून खाली होती आणि ती मला त्या रिक्षात, बडीचावडीच्या वळणावर, दादांचं डोकं माझ्या खांद्यावर आदळलं तेव्हा कळली. मला ती शांतता आवडली होती. रोज सकाळी दादा उर्दू पेपर मोठ्यानं वाचायचे आणि लगोलग त्याचं मराठी करून माधवीला ऐकवायचे, मधेमधे सरकारची, माझ्या खात्याची, माझी अक्कल काढायचे. मी दाढी करताना ते सगळं बाथरूमच्या दारातून आत यायचं. दसऱ्यानंतर ते बंद पडलं. नव्या कंपनीत मी टाय बांधून जात होतो, तिशीच्या पोरांकडून इंग्रजीत शिकत होतो, संध्याकाळी डोकं पिकून घरी यायचो आणि घरात कुणी मला मूर्ख म्हणत नव्हतं. सुमित, आमचा मुलगा, विजयवाड्याला होस्टेलवर. घर असं निवांत, की मला वाटायचं, बरंय, चालू दे म्हाताऱ्याचं असंच. मी त्यांच्या दुखण्यावर सुखानं झोपत होतो. मला दुखणं माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं. ते फक्त माझ्याशीच नाही, माधवीशीही बोलत नव्हते, शेजारच्या शर्मांशीही नाही, फोनवर सुमितशी सुद्धा ‘हं, हं’. रागावलेला माणूस एकाशी रागावतो, साऱ्या जगाशी नाही. एवढं गणित पेजर विकणाऱ्याला जमू नये?

डॉक्टर हाश्मी कोठीच्या गल्लीत दवाखान्याच्याच वर राहायचे, म्हणून सणाच्या दिवशी भेटले. तोंडाचे, जबड्याचे डॉक्टर, साठीचे, बोटं जाडजूड पण स्पर्श हलका. त्यांनी दादांना खुर्चीत बसवलं, दिवा ओढला. ‘क्या हुआ साब? कबसे है ये?’ मी तोंड उघडणार तोच दादांनी हात वर केला. कानापुढचा गाल धरून, ओठ न हलवता, एकेक शब्द दाढेतून काढत ते म्हणाले, ‘आजिच से. सुबू तिळगूळ खाया. चटख गया.’ दसऱ्यानंतर त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं पुरं वाक्य. आणि ते साफ खोटं होतं. डॉक्टरांनी बोटानं सांधा चाचपला, तोंड किती उघडतं ते पाहिलं, हसले. ‘ये उमर में इत्ती सख्त मिठाई कैकू साब? लचक गया. गोलियां देतूं, गरम कपडे से सेंकना, पतला खाना. हफ्ते में ठीक.’ त्यांनी चिठ्ठीचं पॅड पुढं ओढलं.

दादांनी तेव्हा माझ्याकडे बघितलं. खुर्चीत मान मागं टाकलेली, त्यामुळं डोळे खालून वर. ही नजर मी ओळखत होतो. घरात साखर संपलेली असताना पाहुणे आले की आईकडे ते असंच बघायचे. घरातलं घरात. मुलानं तीन महिने बापाला विचारलं नाही, ही गोष्ट या खोलीच्या भिंतींना कळू द्यायची नाही, एवढंच त्यात होतं. ते मला वाचवत होते हो. दुखण्यानं डोळ्यांत पाणी आलेला माणूस मला परक्याच्या नजरेपासून वाचवत होता, आणि मला ते किती सोयीचं होतं! मी नुसता उभा राहिलो असतो तरी पुरे होतं. चिठ्ठी घ्यायची, औषधं घ्यायची, घरी जाऊन फडकं गरम करायचं. मी स्वतः शेकलं असतं. किती चांगला मुलगा दिसलो असतो. माधवी भिंतीशी उभी होती. सासऱ्यांच्या शब्दावर शब्द टाकणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या चपलांकडे बघत होती. माझाच जबडा कानापाशी घट्ट आवळला होता, मला तो सुटेना. डॉक्टरांचं पेन चालू होतं. लचक नव्हती ती. दिवाळीपासूनचा सुजलेला गाल म्हणजे लचक कशी असेल? चिठ्ठी फाडायला त्यांनी कागद वर धरला.

‘आज से नहीं है, डॉक्टरसाब,’ मी म्हणालो. ‘दसरे से है.’

‘दसरे से?’

‘तीन महिने से इनों कुछ चबाए नहीं. दूध-भात पे हैं.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘तो आप लोगां क्या कर रे थे?’

‘हम समझे नाराज हैं. हमारे घर में नाराज हुए तो बात नै करते.’

‘पूछे नै?’

‘नै पूछे.’

बाजूला सुया उकळत ठेवणारा कंपाउंडर वळून बघायला लागला. मला वाटलं होतं, बोललो की छातीवरचं ओझं उतरेल. कसलं उतरतंय. उलट इतके दिवस ते कुठंतरी घरात पडून होतं, आता ते हाश्मींच्या टेबलावर, दिव्याखाली, चारचौघांत आलं. दादांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या आणि नाकपुड्या फुगल्या होत्या. त्यांच्या आयुष्यात त्यांना कुणी इतकं उघडं केलं नसेल.

पुढं डॉक्टर भराभर विचारत गेले आणि मी उत्तरं देत गेलो, जिथं अडलो तिथं माधवीनं सांगितलं. सूज मधे उतरली होती का? हो, आणि पुन्हा आली. गुडघा कधी सुजला होता? हो, पावसाळ्यात, लाल झाला होता, तीन-चार दिवसांत आपोआप गेला. हाश्मी म्हणाले, ‘हौ, तभीच.’ त्यांनी चिठ्ठी चुरगाळून टोपलीत टाकली. गल्लीतच एक्स-रे काढला, तो दिव्यासमोर धरून त्यांनी दाखवला. कानाच्या पुढं, जिथं जबडा कवटीत बसतो त्या फटीत, पांढरे ठिपके दिसत होते, फळ्याखाली खडूची भुकटी सांडते तसे. दुसऱ्या दिवशी सुईनं सांध्यातलं पाणी काढलं, आत औषध सोडलं, ते पाणी तपासायला पाठवलं, आणि अहवाल आला की चुन्याचेच खडे आहेत, बारीक, डोळ्यांना न दिसणारे. म्हातारपणी काहींच्या सांध्यांत साठतात, बहुतेकदा गुडघ्यात, क्वचित असं जबड्यात. ‘लचक समझ के सेंकते बैठते,’ हाश्मी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तो जोड पकड लेता था. फिर मुँह इत्ताच खुलता.’ त्यांनी स्वतःच्या ओठांमधे करंगळी आडवी धरून दाखवली. ‘अच्छा हुआ आप बोल दिए.’ हे त्यांनी कौतुकानं म्हटलं, आणि मी मान खाली घालून फीचे पैसे मोजायला लागलो.

दादा सुधारले. आठवड्यात मफलर उतरला, पंधरवड्यात भाकरीचा मऊ पापुद्रा ते चावायला लागले. तोंड अजून पूर्ण उघडत नव्हतं, पण बोलणं सुटलं. आणि बोलले हो! फोनवर सुमितशी एवढे बोलले की पोरानं अर्धं तेलुगूत उत्तर दिलं, त्यावरून त्याला मराठीचा धडा दिला. शर्मांना दुखण्याची सगळी हकीकत सांगितली, त्यात मी कुठंच नव्हतो. सकाळी उर्दू पेपर पुन्हा सुरू झाला, आवाज जरा खालचा, माधवी पोळ्या लाटताना ‘हो का मामा? अगं बाई!’ करत ऐकायची. मी दाढी अर्धी टाकून बाथरूमच्या दाराशी यायचो. मी दिसलो की वाचणं थांबायचं. पेपरची घडी व्हायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, दुखायला लागलं की काय पुन्हा? मी माधवीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. ती कणीक मळत होती, थांबली नाही. ‘दुखत-बिखत काही नाही. तुमच्यावर रागावलेत. आजच दुखायला लागलं असं मी डॉक्टरला सांगितलं होतं ना, मग मधे बोलायचं ह्याचं काय अडलं होतं, म्हणाले. परक्यापुढं घराची अब्रू काढली म्हणाले.’ मग हात धुताना हळूच म्हणाली, ‘मी म्हटलं, मामा, ते बोलले म्हणून तुमचं तोंड उघडलं. तर म्हणाले, ते मला कळतंय.’

म्हणजे हा खरा अबोला होता. तीन महिने मी ज्याच्याशी हट्टानं झुंजलो ते दुखणं निघालं, आणि आता जे होतं ते नक्की माझ्यासाठी होतं, माझ्या नावानं, माझ्याच करणीचं. कुणी म्हणेल, यात काय ते समाधान. पण खोटं कशाला बोलू, पहिल्या संध्याकाळी मला थोडं बरंही वाटलं. शिक्षा मिळाली की माणसाला वाटतं, हिशेब मिटला. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर समजलं, हा तर मी पुन्हा तोच खेळ मांडून बसलोय. ते गप्प, मी गप्प, घर निवांत, आणि माझा नवा टाय खुंटीवर. दसऱ्याला राग किती होता आणि दुखणं किती, कुठं एक संपलं आणि दुसरं सुरू झालं, हे मला कधीच कळणार नव्हतं, कारण ते विचारूनच कळण्यासारखं होतं. आणि लक्ष्मणकाकांच्या सरणापुढचे ते आवळलेले ओठ! इतकी वर्षं मी त्याला ताठ कणा म्हणत आलो. दादा तेव्हा आतून काय म्हणत होते, कुणी विचारलं होतं का त्यांना? कुशीवर वळलो तर माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते. ते सोडवायला मला तोंडात बोट घालावं लागलं.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर दादांनीच माधवीला बेगम बाजारात पाठवलं. घरातली हळद-धणे संपलेत, तिथं स्वस्त मिळतात, जा. ती गेली. दादा व्हरांड्यात खुर्चीवर बसले, पेपर उघडला. मी आत दोनदा उठलो, दोनदा बसलो. चाळिशीचा माणूस, महिन्याला पाचशे पेजर खपवणारा, आणि व्हरांड्यापर्यंत जाता येईना. शेवटी गेलो, त्यांच्या पुढ्यात उभा राहिलो. पेपर चेहऱ्यापुढं होता.

‘दादा,’ मी म्हणालो, ‘दुखतं का अजून?’

पेपर हलला नाही. मी उभाच. आयुष्यात पहिल्यांदा हरलो होतो आणि हरल्यावर हात कुठं ठेवायचे ते मला माहीत नव्हतं. ‘दसऱ्यालाच विचारायला हवं होतं,’ मी म्हणालो. ‘चुकलो मी. डॉक्टरपुढं बोललो ते चुकलं नाही, पण त्याच्या आधीचं सगळं चुकलं. दुखतं का?’

पेपर खाली आला. दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी मान वळवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं आणि तोंड उघडेल तेवढं उघडून मोठ्यानं हाक मारली, ‘माधवी! त्याला सांग, थंडीत थोडं दुखतं. दाढेखाली धरून चावलं की दुखतं. बाकी बरंय म्हणावं.’

स्वयंपाकघरात कुणीही नव्हतं. माधवी जाऊन तासभर झाला होता, आणि त्यांनीच तिला पाठवलं होतं.

‘बरं,’ मी म्हणालो, आणि त्यांच्या पायाशी पायरीवर बसलो.